तीन नंबरची गाळणी

मंगळवार, ४ मार्च

नवी वही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

आज पुन्हा भाषण झालं. मोठे साहेब डब्यासमोर उभे राहून म्हणाले, मानवजात आजवर एकाच घरात राहिली, त्या घराला काही झालं तर जायचं कुठे, म्हणून दुसरं घर हवं. महिन्यातून एकदा तरी हे ऐकावं लागतं. आमच्या खोलीची खिडकी सहा महिने लागत नाही, सुतारासाठी तीन अर्ज दिले, त्याबद्दल मानवजातीला काही पडलेलं नाही.

डबा हे आमचं नाव. कागदोपत्री तो 'सराव निवास' आहे. बत्तीस माणसं दोन वर्षं आत बंद. बाहेरची हवा नाही, बाहेरचं पाणी नाही. जे टिकतील ते ऑक्टोबरात यानात बसतील आणि परत येणार नाहीत. यान पोचेल तेव्हा त्यांची पणतवंडंसुद्धा म्हातारी झालेली असतील. आणि या बत्तिसात माझा भाऊ आहे, आमचा धाकटा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी एकवीसची. त्याला वाढवला मी, आणि आता नेणार हे साहेब लोक. आत त्याला सगळे शेंडेफळ म्हणतात. ती चूक माझीच, मीच एकदा सगळ्यांदेखत काचेतून तशी हाक मारली.

आतली हवा तो बघतो, बाहेरून मी. हवेच्या गाळण्या किती तास चालल्या ते आमच्या मेजावर मोजलं जातं, आणि कोणती कधी बदलायची ते खडूने फळ्यावर लिहायचं. यानात संगणकाचे पडदे बंद पडले तर हाताने कामं जमली पाहिजेत, म्हणून हा खडूफळा. फळ्याचं तोंड काचेकडे. आतल्यांना दिसतो, आम्हाला मागची फळी दिसते. ही कोणाची अक्कल ते विचारू नये.

धाकटा रविवारपासून तापाने पडलाय. त्याची पाळी आतली स्वयंपाकीण बघते. बाई चांगली आहे, पण हवेतलं तिला ओ की ठो कळत नाही. तो उद्या उठेल म्हणतात.

मला उद्यापासून तीन दिवस रजा. ह्यांची उरलेली दाढ काढायची आहे, म्हणजे हे लहान मूल होऊन बसणार. निघता निघता तास बघितले, तीन नंबरची भरत आलीय. घाईघाईत फळ्यावर 'गाळणी ३ बदल, परवा' एवढं टाकलं, हात झटकले आणि घर गाठलं.

शनिवार, ८ मार्च

माळीकाका गेले.

दुपारी जेवून ते बियाण्यांच्या खोलीत जरा आडवे झाले होते. दार लावून झोपायची त्यांची सवय. त्या खोलीला तीन नंबरची हवा. चार वाजता स्वयंपाकीण पालक न्यायला गेली तर ते उठेनात.

एकसष्ट वर्षांचे. बत्तिसात सगळ्यांत मोठे. यानात आपण फार तर दहा वर्षं काढू हे त्यांना माहीत होतं, तरी म्हणायचे, बाई, वाटाणा कसा लावायचा हे पोरांना कोणीतरी दाखवायला नको का. नवा कोंब आला की कुंडी काचेशी आणून धरायचे, मी मान डोलावेपर्यंत हलायचे नाहीत.

हवा बिघडली की वाजायची ती घंटा का वाजली नाही? कारण फेब्रुवारीत ती सारखी वाजते म्हणून साहेबांनीच तिची मर्यादा वाढवून घेतली. पाहुणे येतात, बरं दिसत नाही. मी तेव्हा तोंडावर सांगितलं होतं. आज ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

सोमवार, १० मार्च

तीन नंबरची गाळणी बदललेलीच नव्हती. काळी ठिक्कर निघाली.

धाकटा म्हणतो, बदलली असं फळ्यावर लिहिलेलं होतं. फळा बघायला गेलो तर स्वच्छ. दर रविवारी पुसायचा नियम. माणूस मेलाय त्याच्या दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे फळा पुसतात ही माणसं, आणि दीडशे वर्षांच्या प्रवासाच्या गोष्टी करतात.

तासांचा काटा पुढे गेला तरी माझ्या जागी बसलेल्यांनी विचारलं नाही. गाळणी बदलली की काटा मागे घ्यायला आम्ही नेहमीच विसरतो, त्यामुळे त्या काट्यावर कोणाचा विश्वासच उरलेला नाही.

मी तर बदला म्हणून लिहून आले होते. म्हणजे मी गेल्यावर कोणीतरी 'बदलली' लिहिलं. दुसरं कोण असणार, ती स्वयंपाकीणच. कळत नाही तर हात कशाला लावायचा?

बुधवार, १९ मार्च

आज माझी साक्ष झाली.

चौकशीला एक बाई नेमल्यात. आवाज हळू, पेन्सिलीला सारखं टोक करतात. त्यांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं? मी म्हटलं, तीन नंबरची गाळणी गुरुवारी बदला, असं स्पष्ट लिहिलं होतं. मग घंटेचं काढलं. साहेब मध्ये बोलायला लागले तर त्यांनाही सोडलं नाही. स्वयंपाकिणीचं नावही घेतलं.

बाई म्हणाल्या, "फळा काचेबाहेर आहे. आतला माणूस त्यावर लिहीलच कसा?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रागाच्या भरात माणसाची अक्कल जाते.

मग धाकट्याला उभं केलं. त्याला काचेपलीकडून बोलायचं होतं, आवाज यंत्रातून येत होता.

"तुमच्या ताई म्हणतात गुरुवारी बदला असं लिहिलं होतं. तुम्ही काय वाचलं?"

 तो म्हणाला, "ताई म्हणते तर तसंच असेल. मी तापातून उठलो होतो."

"परवा तर तुम्ही म्हणालात की बदलल्याची नोंद होती."

"माझा गोंधळ झाला असेल."

"अक्षर कोणाचं होतं?"

"लक्षात नाही."

मला त्याचा इतका संताप आला. असा गुळणी धरून बसणारा तो नाही. लहानपणी खोडी न काढताही मार बसला तर घर डोक्यावर घ्यायचा. म्हटलं अरे भांड, काहीतरी बोल. पण काचेला डोकं लावून उभा राहिला आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

शुक्रवार, २१ मार्च

त्याला डब्यातून काढलं. यानाच्या यादीतून तूर्त वगळलं, असं पत्रात आहे. चौकशी संपेपर्यंत घरी बसा.

घरी म्हणजे आमच्याकडे. मागची खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं, त्याचा जुना टेबलपंखा माळ्यावरून काढला. ह्यांनी विचारलं, एवढ्या अपमानाचं पत्र आलंय आणि तू गुणगुणतेस काय? मी म्हटलं, मी कुठे गुणगुणत होते. ह्यांना आता कानानेही दगा दिलाय.

सोमवार, २४ मार्च

जेवत नाही नीट. ताट पुढे ओढतो, अर्धं ठेवतो. मी ओरडले. तो हसला, म्हणाला, "ताई, दोन वर्षं मोजून खाल्लंय, पोट लहान झालंय."

मी म्हटलं, बरं झालं एका परीने. तिथे जाऊन करणार काय होतास? पणतवंडांच्या पणतवंडांसाठी इथली माणसं सोडायची?

तो म्हणाला, "इथे हवा आयती मिळते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. तिथे रोज बघावं लागेल, आणि जो बघेल त्याने दुसऱ्याला शिकवावं लागेल. मला एवढंच येतं. माणसं टिकायची तर कोणीतरी हे काम करायलाच हवं, आणि मला ते आवडतं."

मोठ्या साहेबांचं भाषण मला कधी खोडून काढता आलं नाही असं नाही. याचं मात्र खोडता येईना, म्हणून मी ताटं उचलली.

बुधवार, २६ मार्च

सकाळी हे बाजारात गेले. जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवली, 'कवळीचं माप परवा'.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? देऊन आले की द्यायचंय? दवाखान्यातून फोन आला, मी काय सांगणार? हे परत येईपर्यंत चिठ्ठी हातात घेऊन धुमसत होते. आल्याबरोबर विचारलं, "परवा म्हणजे कधीचा परवा? झालं की व्हायचंय? एक क्रियापद लिहायला काय हात दुखतो तुमचा?"

हे म्हणाले, "व्हायचंय. तू नेहमी असंच लिहितेस की."

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग आत गेले आणि ही वही काढली.

४ मार्चचं पान उघडलं. मीच लिहिलेलं आहे. गुरुवार नाही. बदला नाही. 'गाळणी ३ बदल, परवा.'

तीन दिवस आजारी पडलेला माणूस उठतो, फळा बघतो. बदल, परवा. त्याला वाटणारच, मी पडलो होतो तेव्हा झालं.

कोणाला सांगितलेलं नाही.

शनिवार, २९ मार्च

घंटा वाजली असती तर काही झालं नसतं. हे खरंच आहे. खापर फोडायचं तर साहेबांवर फोडा.

आणि माळीकाका दार लावून का झोपायचे?

हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे. मी काय लायकीची बाई आहे ते कळू दे वहीला.

मंगळवार, १ एप्रिल

धाकट्याने स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला, खिडकीला बिजागरी बसवली, ह्यांचा रेडिओ उघडून परत बसवला. संध्याकाळी तिघं मिळून पत्ते खेळलो. तो हरला की पूर्वीसारखा पानं लपवतो.

मी सांगितलं तर तो सुटेल. सुटला तर ऑक्टोबरात जाईल. नाही सांगितलं तर चार शिव्या खाईल, कुठेतरी वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करील, लग्न करील, आठवड्याला जेवायला येईल. माणसं काय, हळूहळू विसरतात. यानात त्याच्या जागी दुसरा जाईल. मानवजातीला एक माणूस इकडे की तिकडे काय फरक पडतो? मला एकच भाऊ आहे.

लिहिलं खरं. वाचून बघितलं तर माझीच मला किळस आली.

शनिवार, ५ एप्रिल

गेले काही दिवस तो मागच्या खोलीत दार लोटून लिहीत असतो. मला वाटलं, चौकशीला उत्तर लिहितोय. आज तो दाढी करत होता तेव्हा बघितलं.

आपल्या जागी जो कोणी जाईल त्याच्यासाठी त्याने हवेच्या यंत्राबद्दल लिहून ठेवलंय. एकसष्ट पानं. दोन नंबरचा पंखा कण्हल्यासारखा वाजला तर घाबरू नका, तो तसाच आहे. सहा नंबरची झडप डावीकडे फिरते, आकृतीत उलटी छापलीय. 'हे वाचणारे तुम्ही कदाचित अजून जन्मलेले नाही. शंका आली तरी मला विचारता येणार नाही, तेव्हा आळस न करता दोनदा वाचा.'

आणि पहिल्याच पानावर, ठळक, खाली रेघ मारून: 'नोंदीत उद्या, परवा असं काही लिहू नये. तारीख लिहावी. बदलली की बदलायची ते पूर्ण लिहावं.'

म्हणजे याला कळलंय. काय झालं ते याला कळलंय. हा एक शब्द चौकशीच्या बाईंना सांगितला असता तर याच्यावरचा अर्धा दोष तिथेच उतरला असता. का नाही सांगितलं? मूर्खासारखा मान खाली घालून का उभा राहिला? मला कळत नाही आणि डोकं फुटायची वेळ आलीय.

दाढी करून आला. माझ्या हातात पानं बघून म्हणाला, "अक्षर लागतंय ना वाचायला?" मी म्हटलं, कोंबडीचे पाय. तो हसला.

त्याच्या जागी जाणाऱ्याला हे सगळं मिळणार, आणि हा इथे नळ दुरुस्त करणार. माझ्यासाठी. मी त्याला ठेवून घेतलाय, आणि त्याला वाटतंय की तो नालायक ठरलाय.

सोमवार, ७ एप्रिल

बारा दिवस झाले. आता जाते. ही वही बाईंच्या टेबलावर ठेवणार आहे. सगळीच ठेवणार, ४ तारखेचं पान फाडून नाही. मधली घाणही त्यांना वाचू दे.

शुक्रवार, ३० मे

आज वही परत मिळाली. प्रत्येक पानावर शिक्का मारलाय, २९ मार्चच्या पानावर दोन.

त्या दिवशी बाईंनी ४ मार्चचं पान वाचलं, मग पुढची वाचली. पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना, हे दिलं नसतंत तर कोणालाच कळलं नसतं?" मी म्हटलं, कळतंय म्हणूनच बारा दिवस लागले.

अहवाल आला. माझ्यावर नऊ पानं आहेत, घंटेच्या मर्यादेवर दीड ओळ. साहेब जागेवरच आहेत. माझी नोकरी गेली, ती जायलाच हवी होती, पण ती दीड ओळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. माळीकाकांच्या मुलीला पत्र लिहिलं. तिने उत्तर दिलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

धाकट्याला यादीत परत घेतलं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्याने पिशवी भरली. मला वाटलं चिडेल, भांडेल, बारा दिवसांचा जाब विचारील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्याने नुसतं विचारलं, "कशाला सांगितलंस?" आणि गेला. कशाला म्हणजे? काय विचारणं झालं हे?

सोमवार, १३ ऑक्टोबर

आज ते सगळे यानात गेले. दार आजच लागलं, यान गुरुवारी, सोळा तारखेला सुटेल.

घरच्यांना काचेशी चार मिनिटं दिली होती. रांग होती. समोर एका म्हाताऱ्या जोडप्याला रडायलाच चार मिनिटं पुरली. मी ठरवून गेले होते की रडायचं नाही. ह्यांना बाहेर बसवलं होतं, कारण ह्यांचा भरवसा नाही.

तो निळ्या कपड्यांत होता. जाड झालाय जरा. मी म्हटलं, "माझ्यामुळे तुझी बदनामी झाली. मी बारा दिवस तोंड शिवून बसले, कारण मला तू इथे हवा होतास. हे तुला माझ्या तोंडून कळायला हवं, वहीतून नाही."

तो म्हणाला, "ताई, मला आधीपासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"फळ्यावर तुझं अक्षर होतं. तुझा 'ळ' कोणालाही ओळखू येईल. ताईने लिहिलंय म्हणजे झालंय, म्हणून मी गाळणी उघडून बघितलीच नाही. नंतर काय झालं असेल ते मला दोन दिवसांत कळलं. तुझी नोकरी गेली असती. तुझं नाव त्या मरणाला कायमचं चिकटलं असतं, आणि तुला ते सोसलं नसतं. मला वाटलं, माझं यान गेलं तर गेलं."

 मला भयंकर राग आला. काचेवर हात आपटला मी, मागचा शिपाई दचकला. म्हटलं, "तू कोण माझ्यासाठी आयुष्य टाकणारा? मी मागितलं होतं का? मला विचारायचं तरी."

"तूही नाही विचारलंस," तो म्हणाला.

दिवा लागला. वेळ संपली. तो दोन्ही तळवे काचेला लावून उभा राहिला आणि मी त्याला शिव्या देत राहिले. मूर्ख, गाढव, बिनडोक, जे येईल ते. यंत्र बंद केलं होतं, त्याला ऐकू येत नव्हतं, पण त्याला माझे ओठ वाचता येतात. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. मग शिपायाने मला बाजूला घेतलं, कारण मागे रांग होती.

त्याने माझ्यासाठी यानावर पाणी सोडायची तयारी केली होती, आणि ते त्याच्याकडून मी हिसकावून घेत होते, तेही त्याने माझ्या हातात आपणहून ठेवलेलं असताना. बारा दिवस आम्ही समोरासमोर बसून पत्ते खेळलो.

घरी आले. हे म्हणाले, "बोलला का काही?" मी म्हटलं, हो. काय म्हणाला, ते सांगायला तोंड उघडलं तर रडूच आलं, आणि ते थांबेना.